दोरी, कनात आणि पाटलाची वही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कोल्हारला पौष पौर्णिमेला भगवतीमातेची यात्रा भरते. प्रवरेच्या काठचे हे गाव, आणि नगर-मनमाड रस्ता गावातूनच जातो. मी लहान होतो तेव्हा यात्रेच्या आठ दिवस आधीपासून या रस्त्याने एकेक बिऱ्हाड यायला लागायचे. पाळणेवाले यायचे, रेवडीवाले यायचे, गारुडी आणि दरवेशी यायचे. गाढवांवर पाले आणि बांबू लादून डोंबारीही यायचे आणि नदीकाठी उतरायचे. आम्हा पोरांना देवीच्या नैवेद्यापेक्षा डोंबाऱ्याच्या ढोलकीची ओढ जास्त असायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

खेळ असा असे. बांबूच्या दोन कैच्या उभ्या करायच्या, त्यांवरून दोर ताणायचा आणि दोराची दोन्ही टोके जमिनीत मेखा ठोकून आवळायची. बाप ढोलकी वाजवतो, आई थाळी वाजवते आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी हातात लांब काठी आडवी धरून दोरावर पाऊल टाकते. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो, तेव्हा त्या काठीचे मर्म कळले. लांब काठीमुळे अंग एका बाजूला झुकायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पाय सावरता येतो. डोंबाऱ्याने हे पुस्तकात वाचले नव्हते. पण काठी किती लांब हवी आणि दोर किती ताणायचा, हे त्याला आमच्या पुस्तकांच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

खेळ संपला की मुलगी ताट घेऊन रिंगणातून फिरायची. कुणी आणा टाकी, कुणी मूठभर बाजरी घाली, कुणी मागे सरके. मग संध्याकाळ झाली की तीच माणसे घरी जाऊन सांगायची, ‘‘नदीला डोंबारी उतरलेत, भांडीकुंडी आत घ्या.’’ दिवसा टाळ्या आणि रात्री पहारा, अशी ही रीत. ती आली कुठून, या प्रश्नाचा माग मी निवृत्तीनंतर काढत गेलो. त्याला कारण आमच्या घरातली एक घागर आहे. आधी तिच्याबद्दल सांगतो.

हरवलेली घागर

१९५६ सालची यात्रा. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आम्ही गावाबाहेरच्या वस्तीवर राहत होतो आणि माझे आजोबा शेजारच्या एका वाडीचे पोलीस पाटील होते. हद्दीत मुक्कामाला आलेल्या परक्या माणसाची खबर ठेवणे हे पाटलाचे काम. आजोबांची त्यासाठी एक लांबट वही होती. तिच्यात कोण आले, किती पाले, किती माणसे, कुठून आले, कुठे जाणार, हे सगळे ते बोरूने लिहायचे.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमची तांब्याची घागर दिसेना. घरात, गोठ्यात शोधाशोध झाली. मग आजीच्या तोंडून शब्द निघाला, ‘‘डोंबारीच असतील.’’ दहा-बारा गडी नदीकाठी गेले. पाले उचकली, गोधड्या झटकल्या, पिठाची गाडगी पालथी केली. मी त्या गड्यांच्या मागे उभा होतो. काल दोरावर चालणारी मुलगी आईच्या पदराआड उभी राहून सांडलेल्या पिठाकडे पाहत होती. घागर सापडली नाही. त्याच दुपारी ते बिऱ्हाड हलले. आजोबांनी वहीत त्यांच्या नावापुढे संशयाचा शेरा लिहिला.

चैत्रात विहिरीचे पाणी खाली गेले तेव्हा चुलत्यांनी गाळ काढायला घेतला. तिसऱ्या की चौथ्या पाटीबरोबर घागर वर आली. कासरा तुटून ती तळाशी गेली होती. आजी म्हणाली, ‘‘बरं झालं बाई, सापडली.’’ चिंचेने घासली आणि उतरंडीला लावून टाकली. डोंबाऱ्यांकडे निरोप धाडावा, असे कुणाच्या मनात आले नाही. धाडायचा म्हटला तरी कुठल्या पत्त्यावर? वहीतला शेराही कुणी खोडला नाही.

फिरता नट आणि कायदा

ही फक्त आमच्या घरची गोष्ट असती, तर ती घरातच मिटली असती. पण फिरत्या कलावंताकडे संशयाने पाहणे हा जगभरातला जुना रिवाज आहे आणि त्याला कायद्याची मोहोर लागलेली आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५७२ मध्ये, भटक्यांविरुद्ध एक कायदा झाला. ज्या नटांना कुणा सरदाराचा आश्रय नाही ते नट, पट्टेबाज आणि अस्वलवाले यांची गणना त्यात भामट्यांत आणि उनाडांत केली गेली. सरदाराचे नाव पाठीशी असले की नट कलावंत ठरे. ते नसले की तोच नट गुन्हेगार.

हा विचार इंग्रजांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेला गेला. १७५२ मध्ये लुईस हॅलम याची नाटक मंडळी लंडनहून व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला उतरली. त्या वसाहतींतले अनेक धर्मनिष्ठ लोक नाटकाला पाप मानत. गावोगाव परवानगीसाठी नटांना हात जोडावे लागत. डेव्हिड डग्लस या नटमालकाने न्यूपोर्ट गावात शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ करताना जाहिरातीत नाटक हा शब्द न वापरता ‘नीतिपर संवाद’ असे म्हटले, हा किस्सा प्रसिद्ध आहे. १७७४ मध्ये इंग्रजांशी झगडा पेटू लागला, तेव्हा वसाहतींच्या पहिल्या काँग्रेसने काटकसरीचा ठराव केला. घोड्यांच्या शर्यती, जुगार आणि कोंबड्यांच्या झुंजी यांच्याच पंगतीला तमाशे आणि नाटके बसवून त्यांना आळा घालावा असे त्यात म्हटले होते. डग्लसची मंडळी गाशा गुंडाळून जमैका बेटावर गेली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर वारे फिरले. नाटकांवरची बंदी पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८९ मध्ये उठवली. चारच वर्षांनी, एप्रिल १७९३ मध्ये, जॉन बिल रिकेट्स या स्कॉटिश घोडेस्वाराने फिलाडेल्फियात लाकडी रिंगण उभारून खेळ सुरू केला. पळत्या घोड्याच्या पाठीवर उभे राहणे, उड्या मारणे, दोरीवरची कसरत आणि विदूषकाच्या गमती असे त्याचे स्वरूप होते. अमेरिकेतली ही पहिली सर्कस मानतात. त्याच महिन्यात खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हा खेळ पाहायला आले. ते स्वतः नामांकित घोडेस्वार. पुढे त्यांचा युद्धातला पांढरा घोडाही रिकेट्सने विकत घेऊन लोकांना दाखवायला ठेवला. वीस वर्षांपूर्वी ज्या खेळाला जुगाराच्या ओळीत बसवले होते, त्याच्यासमोर आता देशाचा पहिला नागरिक बसला होता. अर्थात फिरत्याचे नशीब फिरतेच. १७९९ च्या डिसेंबरात रिकेट्सचे रिंगण आगीत जळाले. देश सोडून तो जहाजाने निघाला आणि समुद्रातच बुडाला.

कापडी तंबू या खेळाला मिळाला तो नंतर, १८२५ मध्ये. जोशुआ पर्डी ब्राऊन या मालकाने तो प्रथम वापरला. लाकडी रिंगण मोठ्या शहरातच परवडायचे. तंबू गाडीत टाकून कुठल्याही खेड्यात नेता येऊ लागला. आमच्याकडच्या तमाशाच्या कनातीचे काम हेच. कनात लागली की आत बसणाऱ्याला तिकीट पडते, आणि तिकीट पडले की ताट फिरवावे लागत नाही. साधी वाटणारी ही गोष्ट फार मोठी आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आमच्याकडचे कोल्हाटी आणि छत्रे

आपल्याकडे या कलावंतांची परंपरा किती जुनी आहे, हे सांगायला संत एकनाथ पुरेत. पैठणच्या या थोर संताने सोळाव्या शतकात भारुडे रचताना जोशी, वासुदेव, गारुडी यांच्याबरोबर कोल्हाटणीचेही रूप घेतले. अध्यात्म सांगायला नाथांना कोल्हाटीण चालली. आपण उलटी उडी मारतो तिला कोलांटउडी म्हणतो. जुनी माणसे कोल्हांटउडी म्हणत. ही कोल्हाट्यांची उडी. शब्द आपण घरात घेतला आणि शब्दाच्या धन्याला वेशीबाहेर ठेवले.

इंग्रजी अमलात या वेशीबाहेरच्या माणसांसाठी एक कायदा आला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला. अमुक एक जमात गुन्हेगार, असे सरकारने जाहीर केले की तिच्यातल्या माणसांची नावे नोंदवायची, त्यांनी हजेरी द्यायची आणि परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. गुन्हा केला की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्या पोटी जन्म घेतला, एवढा पुरावा पुरे होता. तिकडे १५७२ मध्ये आश्रय नसलेला नट भामटा ठरला होता, इथे आता जमातीच्या जमाती ठरल्या.

येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात या कायद्याच्या कचाट्यातून सुटलेल्यांना विमुक्त जमाती म्हणतात आणि त्या चौदा आहेत. कोल्हाटी-डोंबारी हे त्या यादीत नाहीत. ते भटक्या जमातींच्या यादीत आहेत. पण हा फरक कागदावरचा. नदीकाठी पाल दिसले की ते कुठल्या यादीतले, हे आमच्या आजीने विचारले नव्हते.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे गाण्याच्या ओढीने ग्वाल्हेरला गेले. तेथे हद्दूखाँसाहेबांकडे गाणे शिकले आणि त्याच मुक्कामात घोडे शिकवण्याची विद्याही मिळवली. परतल्यावर कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे अश्वशाळेचे काम पाहू लागले. त्या सुमारास चिआरिनी नावाच्या इटालियन मालकाची सर्कस मुंबईला आली. असे खेळ हिंदी माणसाला इतक्यात जमणार नाहीत, असे तो म्हणाल्याचे सांगतात. विष्णुपंतांना ते लागले. १८८० मध्ये त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली. हिंदी माणसाने काढलेली ही पहिली सर्कस. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक रहिमतखाँ यांना याच छत्र्यांनी सांभाळले. या सर्कशीच्या दौऱ्यात केरळातल्या तेलिचेरीला कीलेरी कुन्हीकण्णन या व्यायामशिक्षकाशी गाठ पडली. त्यांनी पुढे सर्कशीचे कलावंत घडवले आणि केरळ हे सर्कशीचे माहेरघर बनले.

महाराष्ट्राला छत्र्यांचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण श्रोतेहो, एक गोष्ट माझ्या मनात सारखी येते. दोरीवर चालणे, कोलांटउडी आणि माणसावर माणूस चढवून मनोरा करणे ही विद्या या मातीत डोंबारी-कोल्हाट्यांकडे शेकडो वर्षे होती. मग हिंदी माणसाला सर्कस जमणार नाही, हे आव्हान आम्हाला १८८० मध्ये का स्वीकारावे लागले? कारण नदीकाठच्या पालातल्या माणसाला आम्ही त्या ‘हिंदी माणसा’त मोजलेच नव्हते. उडी तीच होती. छत्र्यांच्या पाठीशी संस्थानिक होता, डोक्यावर तंबू होता आणि दाराशी तिकीट होते. डोंबाऱ्याच्या डोक्यावर आभाळ होते आणि हातात ताट होते. छत्र्यांची बुद्धी आणि धाडस याने कमी होत नाही. पण मानाचा केवढा भाग उडीला मिळतो आणि केवढा तंबूला, याचा हिशेब यातून लागतो.

पुण्याच्या दामू धोत्र्यांची गोष्ट याच हिशेबातली. १९०२ साली जन्मलेला हा मुलगा मामाच्या सर्कशीत वाढला, वाघ-चित्त्यांचा निष्णात शिक्षक झाला आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत दाखल झाला. उघड्या अंगाने आणि डोक्याला फेटा बांधून ते पिंजऱ्यात उतरत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातही ते होते. रिकेट्सच्या देशाने पुण्याच्या पोराला डोक्यावर घेतले. १९७३ मध्ये ते पुण्यातच वारले. आज किती जणांना त्यांचे नाव आठवते?

प्रवरेच्या काठी

तमाशाचेही असेच. आमच्या नदीच्या वरच्या अंगाला संगमनेर आहे. कांताबाई सातारकर तेथल्या. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या नावारूपाला आल्या. १९६४ मध्ये खेडकर गेल्यावर मुलाबाळांसह रस्त्यावर येण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी हिमतीने स्वतःचा फड उभा केला. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत त्या गेल्या. त्या दोन वर्षांत गावोगावच्या यात्रा बंद होत्या. यात्रा बंद म्हणजे सुपारी बंद आणि सुपारी बंद म्हणजे चूल बंद. फड बुडाले, गाड्या विकल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत सरकारने तमाशावर बंदी आणली होती. मग वग तपासून परवानगी देण्याची रीत पडली आणि पाट्यांवर ‘लोकनाट्य’ हा शब्द झळकू लागला. न्यूपोर्टचे ‘नीतिपर संवाद’ तुम्हाला येथे आठवले असतील. नाव बदलून प्रतिष्ठा मागावी लागणे, हे दोन्हीकडे सारखेच.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. आमची घागर हरवली ती त्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे कायदा दिल्लीत मेला तरी आमच्या वस्तीवर जिवंत होता. १९९४ मध्ये डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ आले आणि रिंगणातल्या बाईच्या घरी काय चालते, हे पांढरपेशा वाचकाने प्रथमच आतल्या माणसाकडून ऐकले. आईचे नाव लावणारा हा डॉक्टर २००७ मध्ये अपघातात गेला. भटक्यांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके हे महाराष्ट्राचेच. त्यांच्या आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला.

वही

आता शेवटची गोष्ट सांगून थांबतो. १९८६-८७ च्या सुमारास मी शाळेत असताना एक माणूस मला शोधत आला. डोक्याला मुंडासे, हातात पिशवी, बरोबर शाळेच्या वयाचा मुलगा. मला म्हणाला, ‘‘मास्तर, तुमचे आजोबा पाटील होते ना? त्यांच्या वहीत आमच्या म्हाताऱ्याचं नाव आसंल बघा.’’

मला उलगडा होईना, तेव्हा त्याने समजावले. मुलाला जातीचा दाखला हवा होता. भटक्या जमातींच्या माणसाला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. शेत असलेल्याकडे सातबारा असतो, गावात राहणाऱ्याकडे घरपट्टीची पावती असते, शाळेत गेलेल्याकडे दाखला असतो. ज्याचे सारे आयुष्य एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत गेले, त्याने कुठला कागद आणायचा? त्याच्या बापाने मरण्याआधी सांगितले होते, की कोल्हारच्या यात्रेत अमुक वाडीच्या पाटलाने एकदा आपली सगळ्यांची नावे लिहून घेतली होती. घागर गेली होती त्या वर्षी.

मी त्याला चहा पाजला. घागर सापडल्याचे सांगितले. तीस वर्षांनी. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली. मग म्हणाला, ‘‘वही आसली तर बघा.’’

वही नव्हती. पाटीलकीची वतने गेल्यावर ते दप्तर माळ्यावर पडले होते. एका दिवाळीला साफसफाई करताना आम्ही ते रद्दीत घातले. वजन करून पैसेही घेतले. ती नोंद पुराव्याला चालली असती की नाही, हे ठरवणारा मी कोण? पण दाखवता तरी आली असती. संशयापोटी का होईना, त्या माणसांचे नाव, गाव, तारीख लिहिलेला तेवढा एकच कागद पृथ्वीवर होता, आणि तो आम्ही किलोच्या भावाने विकला.

त्या मुलाचे नाव मी तरी शाळेत घातले. दीड महिना तो आला, मग बिऱ्हाड हलले.

दोरावर लहान मुलीने चालावे, असे मी म्हणणार नाही. सर्कशीत मुले कामाला ठेवण्यास २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, ते योग्यच झाले. मुलीची जागा शाळेत आहे. पण तिच्या बापाकडे जी विद्या आहे, ती भीक मागण्याचे साधन नव्हे. रिकेट्सला वॉशिंग्टन भेटले, विष्णुपंतांना कुरुंदवाडचे संस्थानिक भेटले. आमच्या यात्रेतल्या डोंबाऱ्याला पाटलाची वही भेटली.

येत्या पौषात तुमच्या गावी, तुमच्या चौकात कुणी दोर ताणला, तर ताटात पैसे जरूर टाका. आणि जाता जाता त्या माणसाचे नाव विचारा. जमलेच तर कुठेतरी लिहून ठेवा. या वेळी शेरा न मारता.